परदेशी सत्राची शिदोरी

सुरतेला समुद्रापलीकडे माणसे धाडण्याची सवय आजकालची नाही. मोगल अमदानीत मक्केचे यात्रेकरू याच बंदरातून जहाजावर चढत आणि तांबड्या समुद्रापासून इराणच्या आखातापर्यंत सुरतेच्या मालाला पेठ होती. पुढे मुंबईचा उदय झाला आणि तापीकाठचे हे बंदर मागे पडले. परंतु परदेशगमनाची रीत मोडली नाही. हिऱ्याच्या धंद्यातील गुजराती घराण्यांची मुले आजही बेल्जियममधील अँटवर्पला जातात. तेथे त्यांना कोणी मामा, कोणी चुलता उतरवून घेतो. भाषा, हिशेब, थंडीचे कपडे आणि माणसांची पारख या सर्व गोष्टी तो शिकवितो. त्याला कोणी अभ्यासक्रम म्हणत नाही, पण तो उत्तम अभ्यासक्रम असतो.

आता या शहरातून वेगळ्या प्रकारचा प्रवासी निघू लागला आहे. पदवीच्या अभ्यासातील एक सत्र परदेशी विद्यापीठात काढून पुन्हा आपल्या महाविद्यालयात परतणारा हा विद्यार्थी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या वाटेला अनुकूलता दाखविली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी तिला कायद्याची चौकट दिली. जोड-अभ्यासक्रमात एकूण श्रेयांकांपैकी ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेत मिळविता येतात. ही वाट आता केवळ धनिकांची राहिलेली नाही. विद्यार्थी-अदलाबदलीच्या करारात परदेशी संस्थेची फी बहुधा भरावी लागत नाही. युरोपच्या इरॅस्मस योजनेत तर निवड झालेल्या विद्यार्थ्याला निर्वाहभत्ता आणि प्रवासखर्चही मिळतो. म्हणजे उधन्याच्या, लिंबायतच्या, डिंडोलीच्या मराठी घरातील मुलगीही मनात आणील तर जाऊ शकते. जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती व्हॅली रेल्वेने मागावर काम करण्यासाठी आलेल्या माणसांची ही नातवंडे आहेत. पण अँटवर्पला त्यांचा मामा नाही. आमचा आजचा प्रश्न एवढाच आहे, की हा मामा व्हायचे कोणी?

सध्या तयारी या नावाखाली जे चालते ते पाहू. पारपत्र, व्हिसा, बँकेचा दाखला, विमा, जाड कोट आणि आईने बांधून दिलेले मसाल्याचे डबे. यांतले काहीही अनावश्यक नाही. जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्याने वर्षाकाठी ११,९०४ युरो खर्चाची तजवीज दाखवावी, असा त्या सरकारचा दंडक २०२४ च्या सप्टेंबरपासून आहे. असल्या गोष्टींची माहिती वेळेवर मिळाली नाही, तर उत्तम विद्यार्थ्याचीही जागा हातची जाते. परंतु ही तयारी फार तर विमानतळापर्यंत पुरते. विमानतळाच्या पलीकडचे जे आहे, त्याची तयारी कोणी करून घेत नाही.

या बाबतीत सुरतेनेच एक वस्तुपाठ घालून दिलेला आहे. महीपतराम रूपराम नीळकंठ हे १८२९ साली याच शहरात जन्मले. शिक्षण खात्याने १८६० साली त्यांना इंग्लंडला पाठविले. शिक्षक घडविणाऱ्या तेथील शाळा पाहाव्यात आणि ती विद्या घेऊन यावे, एवढे नेमके काम त्यांच्यावर सोपविलेले होते. सुमारे वर्षभरात ते परतले, अहमदाबादच्या शिक्षक-विद्यालयाची धुरा त्यांनी वाहिली आणि प्रवासाचे वर्णन गुजरातीत लिहून आपले पाहणे इतरांच्या स्वाधीन केले. जाण्यास हेतू, येण्यास काम आणि मधल्या काळाचा सर्वांस हिशेब असे हे प्रवासाचे आदर्श रूप होते. पण याच महीपतरामांना त्यांच्या नागर ज्ञातीने समुद्र ओलांडल्याबद्दल वाळीत टाकले. जाणारा सज्ज होता. त्याचे घर आणि त्याचे गाव सज्ज नव्हते.

महाराष्ट्राला दुसरा धडा आनंदीबाई जोशी यांनी दिला. १८८३ साली अठरा वर्षांची ही मुलगी कलकत्त्याहून एकटी निघाली. तिच्या मनाची तयारी इतकी पक्की होती, की आपण का जात आहो हे तिने जाण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भर सभेत सांगितले होते. अमेरिकेत तिला उतरवून घेण्यास श्रीमती कार्पेंटर होत्या; त्यांच्याशी तिचा पत्रव्यवहार आधीपासून चालू होता. १८८६ च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली. परंतु परक्या हवेत, थंडीत, अनोळखी अन्नावर राहताना शरीराची हेळसांड झाली. क्षयाने ते पोखरले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, ती गेली. तिच्या धैर्याचे पोवाडे आम्ही शंभरावर वर्षे गात आहोत. मन कितीही खंबीर असले तरी अंगावरचे वस्त्र आणि ताटातले अन्न यांची काळजी आधी करावी लागते, हा तिच्या चरित्रातला साधा धडा मात्र फारसा कोणी घेतला नाही.

गांधीजींची गोष्ट तर त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितली आहे. १८८८ च्या सप्टेंबरअखेर ते साउथॅम्प्टनला पांढऱ्या फ्लॅनेलच्या पोशाखात उतरले आणि तसला पोशाख केलेले आपण एकटेच आहोत हे पाहून ओशाळले. पण त्यांच्या खिशात ओळखीची पत्रे होती. त्यांतल्या एका पत्रामुळे डॉ. प्राणजीवन मेहता भेटीस आले आणि तेथील रीतिभातीचा पहिला पाठ त्यांनी दिला. पुढे जो महात्मा झाला, त्यालाही पहिल्या दिवशी असा एक मेहता लागला. मग मागावर काम करणाऱ्याच्या मुलीला तो का लागू नये?

हे मेहतापण विद्यापीठाने पत्करले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ १९६५ साली स्थापन झाले. ज्याचे नाव २००४ पासून त्याला लाभले आहे, तो नर्मद महीपतरामांचाच समकालीन आणि सुरतकर. एवढा वारसा असलेल्या संस्थेला विद्यार्थ्याच्या हाती नुसते शिफारसपत्र देऊन मोकळे होता येणार नाही.

पहिली गोष्ट श्रेयांकांची. युरोपात एका सत्राचे ३० श्रेयांक धरतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास मोजतात. आपल्याकडे सत्राचे साधारण २० ते २२ श्रेयांक असतात. तिकडचा कोणता विषय इकडच्या कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल, हे जाण्यापूर्वी लेखी ठरले नाही, तर परतल्यावर विद्यार्थ्याचे सहा महिने कागदोपत्री वाया जातात. इरॅस्मस योजनेत विद्यार्थी आणि दोन्ही विद्यापीठे अशा तिघांच्या सह्यांचा करार आधीच करतात. प्रत्येक अदलाबदलीत तो सक्तीचा असावा.

दुसरी गोष्ट अभ्यासाच्या पद्धतीची. परीक्षेआधी महिनाभर बाजारी मार्गदर्शिका पाठ करून उत्तीर्ण होणाऱ्या आमच्या मुलांना तेथे दर आठवड्यास वाचावे लागते, वर्गात शंका विचारावी लागते, प्राध्यापकाशी मतभेद सभ्यपणे मांडावा लागतो. दुसऱ्याचे वाक्य नाव न देता उतरविणे ही तेथे चोरी ठरते आणि तिला शिक्षा होते. या सवयी विमानात बसल्यावर लागत नाहीत. त्यासाठी निदान एक सत्र आधी निबंध लिहून घेणे, ग्रंथालयात बसविणे आणि इंग्रजी बोलण्याची भीड मोडणे आवश्यक आहे. सुरत महापालिकेच्या मराठी शाळांतून आलेल्या मुलांच्या ठिकाणी बुद्धीची वाण नसते. वाण असते ती अशा सरावाची.

तिसरी गोष्ट मनाची. डिसेंबरात उत्तर जर्मनीत दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. खोलीत एकटा असलेला वीस वर्षांचा मुलगा घरी दूरध्वनी करतो, तेव्हा इकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात आणि आईला काळजी नको म्हणून तो सर्व ठीक आहे असे सांगतो. त्याच्याशी पंधरवड्याने बोलणारा एक प्राध्यापक येथे नेमलेला असावा. भारतीय दूतावासात नाव नोंदविण्याचे त्याने बजावावे. २०२२ साली युक्रेनमधून हजारो विद्यार्थ्यांना परत आणण्याची वेळ आली, तेव्हा अशा नोंदीचे मोल साऱ्या देशाला कळले. आणि जाण्यापूर्वी आईबापांनाही एकदा बोलावून, मराठीत वा गुजरातीत, सर्व समजावून सांगावे. महीपतरामांच्या वेळी ज्ञाती अडवीत असे. आज अडविते ती न कळल्यामुळे वाटणारी भीती. विशेषतः मुलींच्या वाटेत ती अधिक आडवी येते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. महाविद्यालयांत शिकविण्यास माणसे पुरत नाहीत, प्रयोगशाळा अपुऱ्या आहेत. मग मूठभर मुलांच्या परदेशवारीवर शक्ती का वेचावी? त्याचे उत्तर महीपतरामांच्या उदाहरणात आहे. जाणारा एकटा असला तरी आणलेली विद्या एकट्याची राहू नये. परतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या महाविद्यालयात पाहिले-शिकले ते सांगावे आणि पुढच्या तुकडीला तयार करावे, अशी अट विद्यापीठाने घालावी. पाच वर्षांत या मुलांतूनच पुढच्यांचे मामा निर्माण होतील. अशी परतफेड मागण्याची ज्या संस्थेची तयारी नसेल, तिने ही योजना हाती न घेतलेली बरी, हे आम्हांसही मान्य आहे.

सुरतेतील महाराष्ट्रीय मंडळांनाही आमचे एक सांगणे आहे. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून दरसाल एका विद्यार्थ्याच्या तिकिटाचा खर्च निघू शकतो. जी मराठी कुटुंबे युरोप-अमेरिकेत स्थिरावली आहेत, त्यांचे पत्ते गोळा करणे तर बिनखर्चाचे काम आहे. जर्मनीतील हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होते. त्यासाठीची सिद्धता त्याच्या आदल्या वर्षीच्या दिवाळीपूर्वी सुरू व्हावयास हवी. विद्यापीठाने ती या वर्षापासूनच हाती घ्यावी आणि पहिल्या यादीत लिंबायत-उधन्याची दोन नावे तरी असावीत, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.