आपला भाडेकरू जाणून घ्या

बँकेत साधे बचत खाते उघडावयाचे म्हटले तरी छायाचित्र, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा हे सर्व सादर करावे लागते. ‘आपला ग्राहक जाणून घ्या’ ही मार्गदर्शक तत्त्वे रिझर्व्ह बँकेने २००२ साली बँकांना घालून दिली आणि कालांतराने ती ग्राहकांच्याही अंगवळणी पडली. मात्र आयुष्यभराच्या बचतीतून उभे केलेले घर एखाद्या अपरिचिताच्या हवाली करताना तोच ग्राहक केवळ एका दूरध्वनीवर किंवा मध्यस्थाच्या शब्दावर विसंबून राहतो. ही विसंगती किती महागात पडू शकते, याचा अनुभव बंगळुरूतील अनेक घरमालक घेत आहेत.

या शहरात घर देण्याच्या दोन रीती आहेत. एक नेहमीची, म्हणजे मासिक भाडे व अनामत रक्कम. दुसरीला येथे ‘लीज’ किंवा कानडीत ‘भोग्य’ म्हणतात. तीत राहणारा सुरुवातीलाच काही लाख रुपये एकरकमी देतो, दरमहा भाडे देत नाही आणि मुदत संपली की आपली रक्कम परत घेऊन घर सोडतो. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्यच आहेत. फसवणूक होते ती या दोहोंच्या सांध्यावर.

एखादा मध्यस्थ मालकाकडून घर मासिक भाड्याने घेतो. ‘पुढचे सारे आम्ही पाहू’ हे त्याचे आश्वासन, व्हाइटफील्ड किंवा मराठहळ्ळीत घर घेऊन स्वतः पुण्यात, बेळगावात अथवा परदेशात राहणाऱ्या मालकास मोठी सोय वाटते. तेच घर हा मध्यस्थ परस्पर एखाद्या कुटुंबास ‘लीज’वर देतो आणि लाखो रुपये स्वतःकडे ठेवतो. त्यातूनच मालकास काही महिने भाडे पोचते. मग भाडे थांबते आणि मध्यस्थही नाहीसा होतो. मागे उरतात ते दोन फसलेले पक्ष : घर परत मागणारा मालक, आणि ‘आम्ही पैसे मोजले आहेत, जायचे कोठे?’ असे विचारणारे कुटुंब. अशा तक्रारी येथील पोलिसांकडे गेल्या काही वर्षांत वारंवार आल्या आहेत.

दुसरा प्रकार याहून झटपट उरकणारा आहे. घर भाड्याने देण्याची जाहिरात पाहून एक ‘लष्करी अधिकारी’ दूरध्वनी करतो. बदली झाली आहे, घर पाहण्यास वेळ नाही, अनामत आजच पाठवतो, असे सांगतो. गणवेशातील छायाचित्र व ओळखपत्रही पाठवतो. मग पैसे ‘स्वीकारण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकावयास सांगतो, आणि मालकाच्याच खात्यातून रक्कम जाते. बँकेतील प्रत्येक सहकाऱ्याने प्रत्येक ग्राहकास हे सांगितले पाहिजे की यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. तरीही चूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेत तक्रार नोंदवावी.

वरवर भिन्न दिसणाऱ्या या दोन प्रकारांचे मूळ एकच आहे, असे मला वाटते. आपल्या घरात प्रत्यक्ष कोण राहणार, हे मालकाने डोळ्यांनी पाहिलेले नसते. म्हणून माझे सांगणे एवढेच की करार करणारा, घरात राहणारा आणि भाडे भरणारा ही तीन नावे एकमेकांशी जुळली पाहिजेत. ती जुळत नसतील, तर त्याचे समाधानकारक कारण मिळेपर्यंत चावी देऊ नये.

हे जुळवणे अवघड नाही. राहणाऱ्या कुटुंबास मालकाने स्वतः किंवा विश्वासू आप्ताने भेटावे. आधारपत्रावरील क्यूआर कोड आधारच्या अधिकृत अ‍ॅपवर तपासावा आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. भाडे रोखीने न घेता भाडेकरूच्याच खात्यातून घ्यावे, म्हणजे पासबुकातील प्रत्येक नोंद हा पुरावा ठरतो. भाडे तिसऱ्याच खात्यातून येऊ लागले, तर तेव्हाच विचारणा करावी. वर्षातून एकदोनदा घरी जाऊन यावे.

करारातील एका कलमाकडे विशेष लक्ष द्यावे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमानुसार, करारात मनाई नसेल तर भाडेकरू घर पोटभाड्याने देऊ शकतो. म्हणजे येथे मालकाचे मौन ही संमती ठरते. ‘पोटभाडेकरू ठेवता येणार नाही’ ही अट म्हणूनच स्पष्ट शब्दांत हवी. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने सर्वत्र अकरा महिन्यांचे करार रूढ झाले. महाराष्ट्रात मात्र, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमान्वये, असा प्रत्येक करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावरच आहे. नोंदणी नसेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

‘इतके प्रश्न विचारले तर चांगला भाडेकरू निघून जाईल’ अशी शंका काही ग्राहक व्यक्त करतात. माझे मत उलट आहे. प्रामाणिक भाडेकरूसही खरा मालक कोण हे जाणून घ्यावयाचे असते, कारण मध्यस्थाने पोबारा केला तर त्याचीही आयुष्याची पुंजी बुडते. मात्र ओळख पटवणे वेगळे आणि जात, धर्म वा आडनाव पाहून घर नाकारणे वेगळे. तसे करणे ही सावधगिरी नव्हे, आणि त्याने संरक्षणही मिळत नाही. ठक नेहमी आपल्याला आवडेल असे नाव व रुबाबदार गणवेश घेऊनच येतो.

‘विश्वास पानिपतात गेला’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु व्यवहार विश्वासावाचून चालत नाहीत, हे बँकेत काम करणाऱ्याइतके कोणास ठाऊक असणार? फक्त तो विश्वास पडताळणीनंतर ठेवावा. खाते उघडताना आम्ही ग्राहकास जे विचारतो, तेच ग्राहकाने आपल्या भाडेकरूस विचारावे. त्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.