माळ्यावर ठेवलेला बूट

आमचा भाचा मुलाखतीला निघाला, त्या सकाळची ही गोष्ट. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीच्या लग्नात आम्ही त्याला साडेचार हजारांचा चामड्याचा बूट घेऊन दिला होता. आमच्यासारख्या घरात साडेचार हजार म्हणजे काय, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. लग्नात तो एकदा घातला, पदवीच्या कार्यक्रमाला एकदा. मग "चांगला आहे, जपून ठेवू" म्हणून आमच्या ताईने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, खोक्यात घातला आणि माळ्यावर टाकला. दोन पावसाळे तो तिथेच. त्या दिवशी खोके उघडले तर बुटावर पांढरी बुरशी. ताईने ती पदराने पुसली, वरून पॉलिश फासले आणि पोरगा निघाला. कल्याण स्टेशनचा जिना चढताना उजव्या बुटाचा तळ भिजलेल्या पावासारखा तुटून पायरीवरच राहिला.

"मामा, आता काय करू?" फोनवर पोराचा आवाज रडवेला.

स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका चर्मकार काकांनी त्याची लाज राखली. त्यांनी दोन्ही तळ खरवडून काढले, रबराचा तळ कापून सोल्यूशनने चिकटवला, कडेने आरीने टाके घातले. डावा तळ अजून शाबूत होता, पण काका म्हणाले, "हा उद्या जाईल, आजच काढ." पोरगा वेळेवर पोहोचला. ती नोकरी मिळाली नाही, पण ती बुटामुळे गेली नाही.

आम्हाला राग आला तो दुकानदाराचा. विकताना तो म्हणाला होता, "जन्मभर जाईल." पण पुढे त्याच काकांशी बोललो, आणखी चौकशी केली, तेव्हा कळले की अर्धी चूक आमचीही होती. म्हणून हा सगळा प्रपंच.

आजकाल पुष्कळ बुटांचा तळ पॉलियुरेथेन नावाच्या फेसाळ प्लॅस्टिकचा असतो. हलका, मऊ, चालायला छान. पण यातले बरेच प्रकार हवेतल्या दमटपणाने आतून कुजत जातात आणि एक दिवस भुगा होतो. वापरा की न वापरा, तो कुजतोच. उलट वापरातल्या बुटाला वारा तरी लागतो; पिशवीत कोंडलेला बूट आधी जातो. कारखान्यातल्या सेफ्टी शूजचेही तेच. नवा जोड "पुढच्या वर्षी काढू" म्हणून ठेवणाऱ्या बांधवांनी ध्यानात घ्यावे. रबराच्या आणि चामड्याच्या तळाला हा रोग नाही.

तेव्हा महागाचा बूट घेताना वरची चकाकी नंतर पाहा, आधी तो उलटा करा. तळ नुसता चिकटवला आहे की शिवला आहे? खऱ्या भारी बुटात वरचे चामडे आणि तळ यांच्यामध्ये कडेने एक चामड्याची पट्टी फिरवलेली असते. तिला वेल्ट म्हणतात. वरचा भाग वेल्टला शिवतात आणि वेल्ट तळाला. याचा फायदा असा की तळ झिजला तर तेवढा उसवून नवा लावता येतो, वरच्या चामड्याला धक्का लागत नाही. असा बूट चार-चार वेळा तळ बदलून वर्षानुवर्षे चालतो. इंग्लंडमधले नॉर्दॅम्प्टन हे गाव अशाच बुटांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथले कारखाने आपले जुने बूट दुरुस्तीला परतही घेतात. मात्र सावध राहा: काही स्वस्त बुटांच्या कडेला टाक्यांची नुसती नक्षी साच्यात उठवलेली असते. शंका आली तर मोच्याला दाखवा. दुकानदारापेक्षा त्याला जास्त कळते आणि त्याला आपल्याला काही विकायचे नसते.

आता पावसाळ्याकडे वळू, कारण आपल्याकडे बूट मरतात ते याच दिवसांत. बूट भिजला की घरात पहिली धाव गॅसकडे. कोणी शेगडीजवळ ठेवतो, कोणी इस्त्री फिरवतो, कोणी भर उन्हात पत्र्यावर टाकतो. हे कधीही करू नये. बुटाचे वरचे चामडे बहुधा क्रोमच्या मिठाने कमावलेले असते, ते उष्णता बरीच सोसते. पण चांगल्या बुटाचा चामडी तळ आणि पायाखालची आतली पट्टी झाडाच्या सालीने कमावलेली असते. आपल्याकडे यासाठी बाभळीची साल, हिरडा, तरवड वापरत आले आहेत. असे चामडे ओले असताना ७५ ते ८५ अंशांच्या आसपास आक्रसते. शेगडीपाशी तेवढी उष्णता सहज होते. मग बूट आतून वाकतो, पाय चावू लागतो, आणि आपण म्हणतो बूट लहान झाला. खरोखरच झालेला असतो!

भिजलेला बूट आधी फडक्याने पुसावा. नाड्या सैल कराव्यात, आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, बोळे ओले झाले की बदलावेत. बूट आडवा ठेवावा म्हणजे तळालाही वारा लागतो. पंख्याखाली, सावलीत. दोन दिवस लागले तर लागू द्यावेत. परदेशात यासाठी देवदार लाकडाचे पायाच्या आकाराचे ठोकळे मिळतात, आपल्याला रद्दी पुरे. कोरड्या दिवसांतसुद्धा एकच बूट रोज घालू नये. दिवसभराचा घाम चामडे पिते, तो सुकायला एक दिवस द्यावा. दोन जोड आलटून पालटून घातले तर दोन्ही मिळून जास्त टिकतात. दुसरा जोड साधा असला तरी चालेल.

बुरशी आली तर घाबरू नये, पण ताईसारखी पदरानेही पुसू नये. दाराबाहेर नेऊन, नाकाला रुमाल बांधून कोरड्या फडक्याने झाडावी. मग व्हिनेगर आणि पाणी सारखे घेऊन, त्यात फडके बुडवून घट्ट पिळावे आणि बूट आतबाहेर पुसावा. चामड्याचा रंग जात नाही ना, हे आधी जिभेच्या आतल्या बाजूला पाहून घ्यावे. पूर्ण सुकल्यावरच पॉलिश. ठेवताना जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवावा, प्लॅस्टिकमध्ये कधीच नाही. औषधांच्या डब्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात; पण लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असे पाहावे.

पॉलिशविषयी एक गैरसमज घरोघरी आहे. डबीतले मेणाचे पॉलिश बुटाला चकाकी देते, थोडे पाणी अडवते, पण चामड्याला मऊ ठेवायला ते अपुरे पडते. त्यासाठी क्रीम मिळते, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा अगदी थोडे चोळावे. खोबरेल तेल लावू नये. आमच्या वडिलांनी आयुष्यभर लावले, म्हणून लिहिताना जड जाते. पण तेल मुरून चामडे काळवंडते, ढिले पडते आणि कालांतराने खवट होते. पॉलिश करण्याआधी धूळ ब्रशने झाडावी, नाहीतर आपण बुटावर चिखलच घोटतो. स्पंजाचे पातळ पॉलिश शाळेच्या बुटाला ठीक. भारी बुटावर त्याचा थर साचतो आणि घडीवर तडकतो.

आणि वडिलांनी तेवढी निगा का राखली, तेही सांगतो. त्यांच्या लहानपणी गावात वाड्यासमोरून जाताना आमच्या आजोबांना पायातल्या वहाणा हातात घ्याव्या लागत. मुंबईत आल्यावर वडिलांनी पहिल्या पगारातून काय घेतले असेल, ते वाचकांनी ओळखावे.

दुरुस्तीला उशीर करू नये. टाचेचे रबर झिजून खालच्या चामड्याला लागण्याआधी बदलले तर काम थोडक्यात होते. तळाच्या मध्यावर अंगठा दाबून पाहा, मऊ लागला की हाफ सोल घालायची वेळ झाली. भोक पडायची वाट पाहिली तर आतली पट्टीही जाते. घरी झटपट गोंदाने चिकटवू नका. तो दगडासारखा कडक होतो आणि मग मोच्याची आरी तिथून आत शिरत नाही. मोच्याचे सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासे झाले की मगच ठोकायचे असते. म्हणून तो थांबतो. "लवकर करा हो" म्हणून त्याच्या डोक्यावर उभे राहिलात तर नुकसान तुमचेच. शिवता येईल तिथे खिळा नको, हे मात्र आधीच सांगावे. आणि साडेचार हजार दुकानात मुकाट मोजून आलेल्या माणसाने वीस रुपयांसाठी त्याच्याशी हुज्जत घालू नये.

भाच्याला पुढे भिवंडीत काम लागले. तोच बूट घालतो. परवा काकांकडे टाच बदलायला गेला तर त्यांनी बूट उलटा करून पाहिला, बोटाने शिवण चाचपली आणि म्हणाले, "अजून दोन महिने थांब, आता गरज नाही." पैसे घेतले नाहीत.