कोळंबीच्या सालपटांचे मोल

विलेपार्ल्याच्या मासळीबाजारात गिऱ्हाइकाने सांगितले म्हणजे कोळीण कोळंबी सोलून देते. डोके व साल मिळून कोळंबीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग बाजूस पडतो आणि सायंकाळी ओल्या कचऱ्याबरोबर जातो. हा माल फुकट जात आहे, असे आता म्हणावयास हवे.

सालपटात चुन्याचे क्षार, प्रथिने व कायटिन हे मुख्य पदार्थ असतात. कायटिन हे कापसातील सेल्युलोजचे भावंडच होय. सौम्य आम्लाने चुना विरघळविला व सौम्य अल्कलीने प्रथिने काढली म्हणजे ते मागे उरते. जपानमधील तोत्तोरी विद्यापीठाचे शिन्सुके इफुकू व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली खेकड्याच्या कवचातील कायटिन ओले असतानाच जात्यासारख्या यंत्रातून दळून १० ते २० नॅनोमीटर जाडीचे तंतू मिळविले. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. जखमेवरील पट्ट्या, पारदर्शक पापुद्रे व प्लास्टिकला बळकटी आणणे, अशा कामी हे तंतू उपयोगी पडू शकतात.

चर्चा होते ती यंत्राची. खरी अडचण टोपलीपाशी आहे. मुंबईच्या उकाड्यात सालपटे काही तासांतच नासू लागतात. शिवाय तिसऱ्या-कालवांचे शिंपले त्यांत मिसळले जातात. हे शिंपले जवळजवळ सर्वस्वी चुन्याचे. त्यांत कायटिन शोधणे व्यर्थ होय. कोळंबी, खेकडा व शेवंड यांची कवचे निराळी ठेवून त्याच दिवशी वाळवली किंवा बर्फात घातली पाहिजेत. हे काम कोळणीच्या हातचे आहे, आणि किलोमागे दर ठरल्यावाचून तिने ते का करावे? विस्तार कार्यकर्त्यांनी मच्छीमार सहकारी संस्थांपुढे प्रथम हा दराचा प्रश्न मांडावा. वर्सोव्यास १९६१ पासूनची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. माटुंग्याच्या कापूस प्रौद्योगिकी संस्थेत सेल्युलोजचे असेच सूक्ष्म तंतू काढण्याचे काम झाले आहे. दोन्ही ठिकाणे पार्ल्याहून दूर नाहीत. मात्र आम्ल-अल्कलीची प्रक्रिया घरी करण्याचे धाडस कोणी करू नये, व तिचे सांडपाणी शुद्ध केल्यावाचून खाडीत सोडू नये.

कारखाना निघेपर्यंत शेतकऱ्याने थांबण्याचे कारण नाही. सालपटे धुऊन मीठ काढावे, कडक वाळवावीत व भरडून शेणखतात मिसळावीत. कायटिनवर जगणारे सूक्ष्मजीव त्यामुळे जमिनीत वाढतात. बुरशीच्या पेशीभित्तिकेत व सूत्रकृमीच्या अंड्यांच्या कवचातही कायटिन असल्याने हे जीव त्यांच्यावरही चालून जातात. हे खत लावणीपूर्वी काही आठवडे जमिनीत मिसळावे. ताजी सालपटे रोपाच्या मुळाशी घालू नयेत. ती कुजताना निघणाऱ्या अमोनियाने कोवळी मुळे भाजतात.