गायनाच्या तासाची घडी

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांत एका तरुण शिक्षिकाबाईंचें पत्र होतें. बाई संगीतविशारद आहेत. गळा, त्यांच्याच शब्दांत, ‘बरा’ आहे. आणि यंदा जूनपासून एका शाळेंत पहिली ते चौथीच्या वर्गांना गायन शिकविण्याचें काम त्यांनीं पत्करिलें आहे. त्या लिहितात कीं, आठ वर्षें गुरूंपुढें बसून जें मिळविलें त्यांतलें येथें कांहींच उपयोगीं पडत नाहीं. पंचेचाळीस मुलें वर्गांत शिरतात तीं ओरडतच. दहा मिनिटें त्यांना बसविण्यांत जातात. टाळ वाटावे तर उरलेला तास त्या खणखणाटांत संपतो. शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारांत येऊन नुसते उभे राहतात. आणि संध्याकाळीं घरीं रियाजाला बसावें तर स्वतःचाच आवाज बसलेला. दिवाळीपर्यंत पाहावें आणि काम सोडावें, असा त्यांचा विचार दिसतो.

आम्हीं जन्मभर संस्कृत व मराठी शिकविलें. गवयांत आमची गणना कोणी करणार नाहीं. परंतु नोकरीचीं शेवटचीं बारा वर्षें प्राथमिक वर्गांचा गायनाचा तास आमच्या भिंतीपलीकडे भरत असे. त्या अवधींत चार शिक्षक आले आणि गेले. कोणाची तयारी किती, हें ठरविण्याची आमची पात्रता नाहीं. पण कोणाचा वर्ग चालणार हें, गाणें सुरू होण्यापूर्वींच्या पांच मिनिटांत जें कानीं येई त्यावरून, आम्हांस सांगतां येत असे. म्हणून बाईंना जें लिहिलें तेंच येथें थोड्या विस्तारानें देत आहों. या मासिकाच्या बहुतेक घरांतलें एक तरी मूल अशा कोणत्या ना कोणत्या सतरंजीवर बसत असेलच.

गाणें वर्गांत शिकविणें ही आपल्याकडे फार जुनी चाल नव्हे. बडोद्यास सयाजीरावमहाराजांच्या आश्रयानें मौलाबक्षांनीं १८८६ सालीं गायनशाळा काढली, आणि पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, तेव्हां कोठें घंटा, वेळापत्रक, इयत्ता आणि परीक्षा यांच्याशीं आपल्या संगीताची गांठ पडली. त्यापूर्वीं शिष्य बहुधा गुरूच्या घरीं राही. समोर एक किंवा दोघे, तेही आपल्या गरजेनें आलेले. त्यांना ‘गप्प बसा’ म्हणण्याचा प्रसंग गुरूवर कशाला येणार? बाईंच्या गुरूंनीं त्यांना राग शिकविले, वर्ग शिकविला नाहीं, यांत गुरूंकडेही दोष नाहीं आणि बाईंकडेही नाहीं. ती विद्या वेगळी आहे, आणि सुदैवानें ती रागदारीइतकी दुर्घट नाहीं.

अंकगणिताच्या तासाला थोडी कुजबुज चालली तरी बेरीज चुकत नाहीं. गायनाच्या तासाचा माल म्हणजेच नाद. त्यांत दुसरा नाद मिसळला कीं माल नासला. तेव्हां मुलें येण्यापूर्वींच बाईंनीं तंबोरा सुरू करून ठेवावा. हल्लीं विजेवर चालणारा तंबोरा मिळतो, मोबाईलवरही मिळतो. जाणकार नाक मुरडतील, मुरडोत बापडे. मुलांनीं दाराबाहेर चपला ओळीनें ठेवाव्या आणि उंबरठा ओलांडला कीं तंबोरा ऐकूं येईल इतका आपला आवाज खालीं आणावा, एवढाच नियम. ‘शांत बसा’ हें वाक्य शिक्षकानें उच्चारूंच नये; तें जितक्या मोठ्यानें म्हणावें तितकें तेंच वर्गाची शांतता मोडतें. मुलें गलका करीत आलीं तर न रागावतां, हंसतमुखानें, पुन्हां दाराबाहेर न्यावीं आणि पुन्हां आंत आणावीं. पहिल्या आठवड्यांत हें एका तासांत तीनदांही करावें लागेल, आणि मुलांना त्याची गंमतच वाटेल. बाईंचा जून हातचा गेला खरा. पण घडी केव्हांही बसवितां येते, आणि सुटीनंतरचा पहिला दिवस त्याला फार सोयीचा असतो.

प्रत्येकाची बसण्याची जागा ठरलेली असावी. येथें एक वाईट वहिवाट आहे, ती अशी कीं, सुराला चुकणारीं मुलें मागच्या ओळींत ढकलावयाचीं. त्यांना पुढें बसवावें. दोन्ही बाजूंस पक्क्या सुराचें एकेक मूल आणि समोर शिक्षक. चुकणाऱ्याच्या कानाला दोन्हींकडून आधार मिळाला कीं अर्धें काम आपोआप होतें.

आतां हजेरी. आमच्या मतें साऱ्या तासाची किल्ली हीच. शिक्षकानें प्रत्येकाचें नांव गाऊन घ्यावें आणि मुलानें त्याच स्वरांवर ‘आहे’ असें गाऊन उत्तर द्यावें. स्वर दोनच घ्यावे, पंचम आणि त्याखालचा शुद्ध गांधार. आई गच्चीवरून अंगणांतल्या मुलाला लांबवून हांक मारते तेव्हां तिचा आवाज पुष्कळदां याच अंतरानें खालीं उतरतो, त्यामुळें हे स्वर शिकवावे लागत नाहींत. हंगेरी देशांत झोल्तान कोदाय (१८८२ ते १९६७) या संगीतकाराच्या पद्धतीनें जेथें मुलांना शिकवितात तेथेंही आरंभ याच दोन स्वरांच्या अंतरापासून होतो, आणि पुढें पांच स्वरांचीं गाणीं येतात. आपल्या भूपाचे सा, रे, ग, प, ध हे पांच स्वर पाहिले म्हणजे, आपल्याकडेही मुलांना बहुधा प्रथम भूप कां देतात, याचा उलगडा होतो. बुडापेस्ट आणि पुणें यांनीं एकमेकांस न विचारतां एकच पायरी निवडावी, ही मौज आहे.

पंचेचाळीस मुलांची अशी हजेरी पांच मिनिटांत होते. तेवढ्यांत प्रत्येक मूल एकटें गाऊन जातें, आणि आपली परीक्षा झाली हें त्याच्या ध्यानींही येत नाहीं. आमच्या भिंतीपलीकडे दुसरींत एक मुलगा होता. तो चार महिने ‘आहे’ हा शब्द नुसता बोलत असे. त्या वेळचे शिक्षक शहाणे होते. ते कधीं थांबले नाहींत, ‘पुन्हां म्हण’ असें म्हणाले नाहींत. उत्तर घेतलें कीं पुढचें नांव. नाताळाच्या सुटीनंतर एके सकाळीं त्याचें ‘आहे’ अलगद गांधारावर येऊन बसलें. पलीकडे क्षणभर सारें स्तब्ध झालें, आणि मग शिक्षकांनीं नेहमींच्याच आवाजांत पुढचें नांव घेतलें. आमचा रघुवंशांतला श्लोक त्या दिवशीं अर्ध्यावरच राहिला.

हुकूम तोंडानें न देतां हातानें द्यावे. वेदपाठशाळेंत ज्यांनीं संथा ऐकली आहे त्यांना हें नवीन वाटूं नये. गुरूनें एकदां म्हणावें, शिष्यांनीं दोनदां म्हणावें. स्वर वर गेला, खालीं आला, हें हातानें किंवा मानेनें दाखवावें. सामगायक तर अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवून स्वर दाखवितात. विलायतेंत जॉन कर्वेन या गृहस्थांनीं एकोणिसाव्या शतकांत प्रत्येक स्वराला हाताची एक खूण ठरविली, आणि पुढें हंगेरींतील शिक्षकांनीं ती उचलली. बाईंनीं तीन खुणा ठरविल्या तरी पुरे. तळहात उघडा म्हणजे गा. तळहात आपल्याकडे म्हणजे ऐका. मूठ मिटली म्हणजे मनांत गा. ही तिसरी खूण मुलांची फार आवडती होते. ओळ चालूं असतां मूठ मिटावी. सर्वांचे ओंठ बंद, पण लय मनांत चालूंच. चार मात्रांनंतर मूठ उघडावी आणि सर्वांनीं बरोबर त्या जागीं उतरावें. पंचेचाळीस मुलें एकाच अक्षरावर उतरलीं म्हणजे त्यांचे चेहरे पाहावे! शेजारच्या गुरुजींनाही तेवढाच विसांवा.

वाद्यांची गोष्ट निराळी. टाळ, खंजिरी किंवा लेझीम हातांत आली कीं मूल ती वाजविणारच. वाजवूं नको म्हणणें म्हणजे पुढ्यांत लाडू ठेवून पाहत बस म्हणण्यासारखें आहे. यास्तव वाटप झालें कीं आठ मात्रांचें एक आवर्तन मोजून सर्वांना हवा तसा गोंधळ घालूं द्यावा. आवर्तन संपतांच वाद्य जमिनीवर आणि हात मांडीवर. ज्याचें वाद्य जमिनीवर राहिलें नाहीं त्याचें एका गाण्यापुरतें शेजाऱ्याकडे जावें, शब्दही न बोलतां. एका वेळीं वाद्यें दहा-बारापेक्षां अधिक काढूं नयेत. उरलेल्यांनीं टाळी-खाली धरावी, आणि पाळी फिरत राहावी. पाळी खात्रीनें येणार हें एकदां कळलें कीं ओढाताण थांबते.

पेटीविषयीं आमचें मत जरा तिखट आहे. नभोवाणीनें १९४० सालीं पेटीला बंदी केली, आणि ती उठावयास १९७१ साल उजाडलें. त्या वादांत श्रुतींचा कीस पुष्कळ पडला. आमची तक्रार साधी आहे. पेटीमागें बसलेल्या शिक्षकाचे दोन्ही हात गुंतलेले आणि नजर पट्ट्यांवर. त्याला वर्ग दिसत नाहीं, आणि वर्गाला हें तत्काळ कळतें. स्वर दाखविण्यापुरती पेटी हातीं घ्यावी आणि बाजूस सारावी. शिवाय पट्टी शिक्षकाच्या गळ्याला सोयीची म्हणून धरूं नये. कोंवळे आवाज फार खालीं नेले तर नुसते पुटपुटतात, आणि फार वर नेले तर किंचाळतात. गाण्याचा सर्वांत खालचा स्वर मागच्या ओळींत स्पष्ट उमटतो कीं नाहीं, हें पाहून पट्टी ठरवावी.

आतां जिच्यासाठीं मुख्यतः लेखणी उचलली ती गोष्ट. संमेलन जवळ आलें कीं एखाद्या मुलाला ‘तूं गाऊं नकोस, नुसते ओंठ हलव’ असें सांगण्याची रीत पुष्कळ शाळांतून आहे. पन्नाशी उलटलेले असे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत, जे घरच्या आरतींतही तोंड उघडीत नाहींत. विचारलें तर कोणत्या इयत्तेंत, कोठें उभे असतां, कोण काय म्हणालें, हें त्यांना अक्षरशः सांगतां येतें. या वयांत सुराला चुकणें म्हणजे बहुधा कान आणि गळा यांची जोडी अजून जमलेली नसणें, याहून कांहीं नसतें. स्वरांतला भेद मुळींच न कळणारीं माणसें फार थोडीं. संमेलन एका संध्याकाळचें असतें. त्यासाठीं एका मुलाचें जन्माचें गाणें मोडावें, हा सौदा आम्हांस तरी परवडणारा वाटत नाहीं.

दोष दाखवूंच नयेत असा याचा अर्थ नव्हे. तेराव्या शतकांत देवगिरीस यादवराजा सिंघणाच्या आश्रयानें शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ रचला; त्यांत गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. दांत आवळून गाणारा, भीत भीत गाणारा, कावळ्यासारख्या कर्कश आवाजाचा, उंटासारखी मान ताणणारा, डोळे मिटून गाणारा, नाकांत गाणारा, अशी ती नामावळी आहे. आमच्या भिंतीपलीकडचे शहाणे शिक्षक आठवड्यास एक दोष स्वतः करून दाखवीत आणि मुलांना ओळखावयास लावीत. हंशा पिके, दोष समजे, आणि कोणाचेंही नांव निघत नसे.

घरच्या मंडळींकडे एवढेंच मागणें आहे. पाहुणे आले कीं मुलाला दिवाणखान्याच्या मध्यावर उभें करून ‘काय शिकलास तें म्हणून दाखव’ असा आग्रह करूं नये. शाळेंत जी भीड पांच महिन्यांत मोडते ती तेथें पांच मिनिटांत परत येते. त्यापेक्षां तिन्हीसांजा देवापुढें दिवा लागला कीं मुलानें शाळेंतला एक अलंकार म्हणावा, आणि आजोबांपासून आत्याबाईंपर्यंत सर्वांनीं तो संथेप्रमाणें दोनदां म्हणावा. कोणी चुकेल त्याला मुलानें सुधारावें. आमच्या धाकट्या नातीनें या कामीं वयाचा मुलाहिजा मुळींच ठेविलेला नाहीं.