प्रत्येक घोटेदुखी वातकंटक नव्हे

शाळकरी मुलाचा पाय वारंवार मुरगळतो, खेळून आल्यावर घोट्याखाली दुखते, तळवा सपाट दिसतो. अशा रुग्णास वातकंटक समजून गुग्गुळकल्प व अभ्यंगासाठी तेल देण्याचा प्रघात आपल्याकडे रूढ आहे. विषम पाऊल पडल्याने घोट्याच्या आश्रयाने वेदना करणारा वात सुश्रुताचार्यांनी वर्णिला आहे, हे खरेच. परंतु तोच घोटा पुनःपुन्हा का मुरगळतो, हे शोधल्यावाचून निदान पूर्ण होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गर्भावस्थेत पायाची हाडे पूर्णपणे विलग न झाल्यास ती जन्मतःच सांधलेली राहतात. या विकृतीस टार्सल कोॲलिशन म्हणतात. सुमारे ९० टक्के रुग्णांत हा जोड टाचेचे हाड व नौकाकृती हाड यांत, अथवा टाचेचे हाड व टॅलस यांत असतो. बालपणी तो कूर्चामय व लवचिक असतो. त्याचे अस्थिभवन होऊ लागले की पाऊल ताठरते. म्हणूनच पहिल्या प्रकाराची लक्षणे प्रायः ८ ते १२ व दुसऱ्याची १२ ते १६ या वयात प्रकट होतात.

परीक्षा सोपी आहे. मुलास चवड्यांवर उभे करावे. लवचिक सपाट पायात कमान उमटते व टाच आत वळते. येथे तसे घडत नाही. शंका आल्यास ४५ अंशांतून तिरकस क्ष-किरण चित्र घ्यावे. टॅलसच्या जोडासाठी सीटी स्कॅन अधिक उपयुक्त ठरतो. ज्वर, शोथ वा रात्रीची वेदना असल्यास अन्य कारणे तातडीने शोधावीत.

सुश्रुतोक्त वर्गीकरणात आदिबलप्रवृत्त व जन्मबलप्रवृत्त व्याधींना स्वतंत्र स्थान आहे. त्यांना दोषबलप्रवृत्त मानून उपचार लांबविणे शास्त्रसंमत नव्हे. स्नेहन-स्वेदनाने स्नायूंचा ताठरपणा व वेदना काही काळ शमू शकतील. पण सांधलेली हाडे कोणत्याही औषधाने विलग होत नाहीत, हे पालकांना सांगणे आपले कर्तव्य आहे. विश्रांती, पादत्राणातील आधार व काही आठवडे प्लास्टर यांनी अनेकांस आराम पडतो. तरीही वेदना राहिल्यास अस्थिशल्यतज्ज्ञ जोड काढून टाकतात. लगतचे सांधे झिजल्यावर मात्र हा पर्याय दुरावतो.

औषधी दुकानदार बंधूंनाही विनंती, की एकाच मुलासाठी तेल वा गुग्गुळ पुनःपुन्हा नेला जात असेल, तर पालकांस वैद्याकडे पाठवावे. योग्य वेळी रुग्ण पुढे पाठविण्याने आयुर्वेदास उणेपणा येत नाही. असाध्याची जाण हेही वैद्याचे ज्ञानच होय.