टेकडीला पैसे पडतात
१९३४ साली महामंदीने अमेरिकेचे कंबरडे मोडले होते. तरीही कॅलिफोर्नियात ओकलंड-बर्कली परिसरातल्या मतदारांनी घसघशीत बहुमताने स्वतःवर नवा कर लादून घेतला. कशासाठी? पाणीपुरवठा संस्थेला नकोशा झालेल्या टेकड्या बिल्डरांच्या घशात जाऊ नयेत म्हणून! त्यातून उभा राहिलेला ‘ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट’ हा सार्वजनिक उद्यान विभाग आज लाखाहून अधिक एकर जमीन सांभाळतो. त्याचे संचालकही लोकच निवडून देतात. वणवा पसरू नये म्हणून वाळके गवत फस्त करायला तिथे चक्क शेळ्यांचे कळप सोडतात. याच डिस्ट्रिक्टमधल्या, फ्रीमाँटच्या मिशन पीक टेकडीवर धापा टाकत चढणारे आपले आयटीवाले पुण्यात आले, की टेकडीफोडीवर हळहळतात. आपणही हळहळतो. हळहळीला पैसे पडत नाहीत, टेकडीला पडतात.