नवा फोन केव्हां घ्यावा?

यंदा दहावीच्या वर्गास मीं "माझी आवडती वस्तु" हा विषय निबंधासाठीं दिला, तेव्हां अर्ध्याहून अधिक वह्यांत फोनाचेंच वर्णन निघालें. त्यांतील एका वाक्यापाशीं माझी लाल पेन्सिल थांबली. "आमचा फोन दोन वर्षांचा झाला असल्यामुळें आतां म्हातारा झाला आहे," असें तें वाक्य होतें. दोन वर्षांच्या मुलास आपण तान्हें म्हणतों, दोन वर्षांच्या बैलास गोऱ्हा म्हणतों. मग दोन वर्षांचा फोनच तेवढा म्हातारा कसा? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. परंतु त्यापूर्वीं माझ्या स्वतःच्या फोनांची हकीकत सांगणें मला अवश्य वाटतें. कारण तींत माझी एक चूक आहे, आणि ती सांगितल्यावांचून इतरांस चार शब्द सांगण्याचा अधिकार मला पोंचत नाहीं.

भारतांत मोबाइल फोनावरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. पश्चिम बंगालचे तेव्हांचे मुख्यमंत्री ज्योति बसु हे कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं बोलले. मी त्या वेळीं शाळेंत होतों, आणि असली वस्तु एक दिवस आपल्या खिशांत येईल असें मला स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. पुढें २००५ सालीं शिक्षकाची नोकरी लागल्यावर मीं नोकिया ११०० हा साधा फोन घेतला. त्याला विजेरी होती, आणि वीज गेली म्हणजे त्या उजेडांत मीं कित्येक वह्या तपासल्या आहेत. तो आठ वर्षें चालला. त्या अवधींत त्याची बॅटरी दोनदां बदलली, आणि त्यासाठीं कारागीर लागला नाहीं; मागचें झांकण नखानें उघडे.

जानेवारी २००७ मध्यें स्टीव्ह जॉब्स यांनीं पहिला आयफोन जगास दाखविला होता, व २००८ सालीं अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन बाजारांत आला होता. माझ्या हातीं स्मार्टफोन आला तो २०१३ सालीं, सहकाऱ्यांचे निरोप व्हॉट्सॲपवर येऊं लागल्यानंतर. तो स्वस्तांतला होता. चार ॲप घातलीं कीं त्याची जागा संपे. तीन वर्षांनीं, ५ सप्टेंबर २०१६ रोजीं, जिओची सेवा सर्वांस खुली झाली आणि इंटरनेट एकाएकीं स्वस्त झालें. परंतु ती सेवा केवळ ४जी फोनावर चाले, व माझ्या फोनास ४जी समजत नसे. म्हणून त्या वर्षअखेर मीं दुसरा स्मार्टफोन घेतला. येथपर्यंत माझी वागणूक ठीक होती. प्रत्येक वेळीं गरज आधीं आली आणि खरेदी मागून झाली.

२०१८ सालीं मात्र हा क्रम उलटा झाला. माझा फोन अवघा दीड वर्षाचा होता व त्यांत कांहीं बिघाड नव्हता. एके दिवशीं शिक्षकांच्या खोलींत एका सहकाऱ्यानें आपला नवा फोन दाखविला. त्यानें काढलेलें छायाचित्र माझ्या छायाचित्राशेजारीं ठेवलें, आणि त्या क्षणापासून माझा फोन मला जुना दिसूं लागला. त्याच आठवड्यांत मीं बारा हप्त्यांवर नवा फोन घेतला. हप्ते बिनव्याजी होते, म्हणून मनाची समजूतहि सहज पटली.

त्या वेळीं माझे वडील गांवीं असत. त्यांस ऐकूं कमी येऊं लागलें होतें, आणि डॉक्टरांनीं कानाचें यंत्र घेण्यास सांगितलें होतें. "हप्ते फिटले कीं घेऊं," असें मीं ठरविलें. वर्षभर दर रविवारीं सायंकाळीं मी त्यांस नव्या फोनावरून सर्व हकीकत सांगत असें, आणि ते "बरें, बरें" म्हणत. त्यांस ऐकूं येतें असेंच मला वाटे. पुढें यंत्र आलें तेव्हां ते म्हणाले, "तूं बोलतोस एवढें कळायचें, काय बोलतोस तें कळत नसे." त्यांनीं हें रागानें म्हटलें नव्हतें, पण त्या दिवसापासून माझ्या त्या फोनाची खरी किंमत काय पडली, हें मला समजलें.

तो फोन मीं पांच वर्षें वापरला. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां त्यावरूनच मीं कित्येक महिने पाठ घेतले. २०२१ सालीं त्याची बॅटरी फुगली, ती बदलली. २०२३ सालीं बँकेच्या ॲपनें त्यावर चालण्याचें नाकारलें, तेव्हां तो बदलला. असे अठरा वर्षांत माझे पांच फोन झाले. त्यांपैकीं एक निव्वळ हौसेचा होता.

या अनुभवावरून माझें असें मत झालें आहे कीं, नवा फोन घेण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न: फोन जुना झाला आहे, कीं बॅटरी? फोनांत लिथियम-आयन बॅटरी असते. तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. चार्ज करतांना लिथियमचे कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात, वापरतांना परततात. आणि प्रत्येक फेरींत थोडी शक्ति कायमची जाते. सामान्यतः सुमारें पांचशें वेळां पूर्ण भरून रिकामी झाल्यावर बॅटरीची धारणशक्ति मूळच्या चार-पंचमांशावर येते. रोज एकदां चार्ज करणाऱ्याच्या पांचशें फेऱ्या दीड वर्षाच्या आंतच पुऱ्या होतात. अलीकडील कांहीं फोनांत हा आंकडा हजारावर गेला आहे. परंतु दोन वर्षांचा फोन "म्हातारा" कां वाटतो, याचें उत्तर बहुधा येथेंच आहे. डिसेंबर २०१७ मध्यें ॲपल कंपनीनें कबूल केलें कीं, बॅटरी क्षीण झालेले आयफोन एकाएकीं बंद पडूं नयेत म्हणून ती त्यांचा वेग कमी करीत होती. ग्राहकांस हें नीट सांगितलें नाहीं, म्हणून फ्रान्समध्यें २०२० सालीं तिला अडीच कोटी युरो दंड झाला. त्या फोनांत नवी बॅटरी घातली कीं वेग परत येई. कितीएकांनीं हें न कळल्यामुळें चांगला फोन टाकून दिला असेल! बॅटरी फुगली असेल तर मात्र एक दिवसहि थांबूं नये. ती दाबूं किंवा टोचूं नये, कारण ती पेट घेते.

दुसरा प्रश्न: या फोनास सुरक्षेचे अपडेट अजून मिळतात काय? कंपनी कांहीं वर्षांनीं ते बंद करते. फोन दिसावयास तसाच असतो, पण त्याच्या कुलपांतील नवे दोष मग कोणी दुरुस्त करीत नाहीं. २०१६ पासून यूपीआय आल्यामुळें घरची तिजोरीच आपण खिशांत घेऊन हिंडतों. तेव्हां हा प्रश्न हलका नव्हे. गूगलनें २०२३ सालच्या पिक्सेल ८ पासून, व सॅमसंगनें २०२४ सालच्या गॅलेक्सी एस२४ पासून, अशा फोनांस सात वर्षें अपडेट देण्याचें वचन दिलें आहे. युरोपीय संघांत २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनीं निदान पांच वर्षांची अट घातली आहे. म्हणून दुकानांत कॅमेऱ्याचे आंकडे विचारण्यापूर्वीं "अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळतील?" हें विचारावें. फोनाचें आयुष्य मोजण्याचें खरें माप तें आहे.

तिसरा प्रश्न: माझें कोणतें काम आज अडलें आहे? २०१६ सालीं मला याचें उत्तर एका वाक्यांत देतां आलें असतें. २०१८ सालीं मला तें देतां आलें नसतें. ज्याला उत्तर देण्यास वेळ लागतो, त्याचें काम अडलेलें नाहीं असें समजावें.

कोणी म्हणेल, "पैसा आमचा, हौस आमची, इतरांस काय त्याचें?" हौस वाईट असें मी म्हणत नाहीं. परंतु फोनांतील बॅटरीस लागणारें कोबाल्ट जगांत निम्म्याहून अधिक कांगोच्या खाणींतून येतें, व तेथें लहान मुलेंहि राबल्याचें उघडकीस आलें आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांत ६ कोटी २० लाख टन विद्युत् व इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यांतील पाव भागाचीहि रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद नाहीं. तेव्हां आपली हौस आपल्या खिशापुरती राहत नाहीं. टाकाऊ फोन भंगारवाल्यास किंवा कचऱ्यांत देऊं नये. अधिकृत संकलन केंद्रांतच द्यावा.

विद्यार्थिमित्रांनो, वर्गांत कोणाचा फोन नवा व कोणाचा तडा गेलेला, यावरून थट्टा चालते हें मला ठाऊक आहे. जो थट्टा करतो त्याला मी रागें भरूं शकत नाहीं. चाळिशीच्या उंबरठ्यावर असतांना एका छायाचित्रानें माझीहि तीच गत केली होती. पण घरीं हट्ट धरण्यापूर्वीं एवढेंच पाहा कीं, तुमच्या फोनाच्या हप्त्यासाठीं घरांतील कोणाची कोणती गरज पुढें ढकलली जात आहे. ती गरज बोलून दाखविणारा मनुष्य बहुधा घरांत नसतो. तो "बरें, बरें" म्हणतो.

पालकांस एक विनंति आहे. परीक्षेंतील यशाचें बक्षीस म्हणून कर्ज काढून फोन घेऊं नका. हप्ता बिनव्याजी असला तरी तें ऋणच होय, आणि अंथरूण पाहून पाय पसरावे ही शिकवण मुलांस पुस्तकांतून मिळत नाहीं, घरांतून मिळते.

माझा हल्लींचा फोन २०२३ सालचा आहे. त्यास २०२७ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळावयाचे आहेत, व तोंवर तो बदलण्याचा माझा विचार नाहीं. त्याच्या कांचेस एका कोपऱ्यांत तडा आहे. रविवारीं सायंकाळीं वडिलांशीं बोलण्यास तो पुरतो, आणि आतां त्यांस माझें बोलणें ऐकूं येतें.